एकशे चौसष्ट भोकं

शर्यत दोन दिवसांवर आली, तेव्हा एनॉक टटल शेवटची नजर टाकायला शर्यतीच्या गाडीखाली सरपटत गेला आणि तसाच उताणा पडून बघत राहिला. सांगाड्याला एकही भोक नव्हतं!

भोकं हवीत कशाला, म्हणाल. तर वजन घटवायला. जेवढं लोखंड कमी, तेवढी गाडी पळायला मोकळी. आठवडाभर मनगट मोडेपर्यंत एनॉकनं एकशे चौसष्ट भोकं पाडली होती, वर शर्यतीचं खास इंजिन चढवलं होतं. ते सगळं गेलं कुठं?

"स्वेन!" तो रंगाऱ्यावर खेकसला. "भोकं पाडलेल्या सांगाड्यावर मी खडूनं फुली मारली होती. कुठाय ती?"

"पुसली," स्वेन शांतपणे म्हणाला. "खडूची धूळ माझ्या व्हर्निशवर बसते. एकोणीस हात देतो मी, एकोणीस!"

बफेलो शहरातले बँकवाले कव्हरडेल कंपनीच्या मोटारी घेत त्या याच चकाकीसाठी, त्यामुळे स्वेनला कुणी काही बोलायची सोय नव्हती. आणि वरचा साज चढवणारे कारागीर फुली बघूनच शर्यतीचा सांगाडा ओळखत, खाली वाकून बघणं त्यांच्या शानेला शोभत नसे.

"मग भोकंवाला सांगाडा कुणाच्या गाडीत गेला?"

"मिसेस व्हॅन्डरव्होर्टच्या. काल पोचवली की."

एकाहत्तर वर्षांच्या त्या विधवा बाईंनी चर्चला जायला मऊ गादीची, फुलदाणीवाली, गरीब चालीची गाडी मागितली होती. आणि कव्हरडेल साहेबांनी तर बजावलं होतं, "टटल, शनिवारी टेकडीवर आपली गाडी पहिली आली नाही, तर सोमवारी तुम्ही येऊ नका." अठरा वर्षांची नोकरी! पन्नाशीत दुसरं कोण दारात उभं करणार?

तो धावत बाईंच्या घरी गेला. बाई डोळ्यांवर मोटारीचा चष्मा चढवून अंगणातच उभ्या होत्या. त्यांचा ड्रायव्हर सकाळीच नोकरी सोडून गेला होता.

"बाई, गाडी परत द्या. चूक झाली. तिच्या सांगाड्याला भोकं आहेत!"

"भोकं माझ्या लेसलाही आहेत. तीस वर्षांत फाटली नाही."

"अहो, फार पळते ती!"

"तेच तर! आमचे हे चाळीस वर्षं मला मयताला निघाल्यासारखे चर्चला नेत. कालच्या प्रार्थनेला मी पाद्र्याच्या आधी पोचले. बरं, शनिवारची ती शर्यत कुणालाही खुली आहे म्हणे?"

एनॉक हातानं नाही-नाही करेपर्यंत बाई स्वतःच चाकामागे जाऊन बसल्या होत्या.

शनिवारी कंपनीची गाडी धापा टाकत टेकडी चढली. तिच्यामागून सोडलेली बाईंची गाडी मखमली गाद्यांसकट अशी सुटली, की फुलदाणीतली फुलं वाटेतच उडाली. अकरा सेकंदांनी बाई पहिल्या! खालून टाळ्यांचा कडकडाट झाला. एनॉक मात्र आपली हत्यारांची पेटी आठवत उभा राहिला.

वार्ताहर साहेबांभोवती जमले. "तुमच्या गिऱ्हाईकाच्या साध्या गाडीनं तुमच्याच शर्यतीच्या गाडीला हरवलं?"

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उजळला. "आमची साधी गाडीसुद्धा अशी असते!" ते गरजले.

संध्याकाळी त्यांनी एनॉकला बोलावलं. एनॉक टोपी चुरगाळत आत गेला.

"पेटी आवरतो, साहेब. चूक माझीच."

"कसली पेटी? चहा व्हायच्या आत नऊ बायका येऊन गेल्या. सगळ्यांना बाईंसारखीच गाडी हवीय. काय आहे हो तिच्यात एवढं?"

"शर्यतीचं इंजिन आणि भोकं, साहेब. एकशे चौसष्ट. चुकून बाईंच्या गाडीत गेली."

साहेबांनी नऊ बायकांची यादी पुढं ओढली.

"पाडा तर मग या नऊ गाड्यांनाही. पण उघडंनागडं लोखंड नको दिसायला, टटल. आपली कंपनी काय साधीसुधी आहे? प्रत्येक भोकाला आतून व्हर्निश हवं. एकोणीस हात."

जिना उतरताना एनॉकला अठरा वर्षांत प्रथमच शीळ घालावीशी वाटली. खाली स्वेन फडकं घेऊन कुठली तरी धूळ पुसत होता.

"स्वेन," एनॉक प्रेमानं म्हणाला, "तुझा सगळ्यात बारीक ब्रश कुठाय रे?"