हमी आयुष्यभराची

स्कूटरवर नवं हिरवं ताडपत्रीचं कव्हर. "बाजारातून आणलं," बायको म्हणाली.

निळ्या शर्टाच्या बाहीला हाताने घातलेले टाके.

"आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया थांबा."

सिगारेटच्या कंपनीचा नफा यंदा दुप्पट.

या गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं टाइमकीपरना वाटत होतं. बस डेपोत आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लावून ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि आता हाती आलेले पैसे कुठे लावायचे, हा घोर होता. भाचा शेअरचा दलाल. त्याने सिगारेटची कंपनी सुचवली आणि मामीचा चेहरा उतरला.

"लोकांच्या खोकल्यावर आपण जेवायचं? अशा ठिकाणी लावा, की मला झोप लागेल."

"मामी, चांगुलपणावर नफा मिळत नाही."

"तुझ्या मामांच्या चांगुलपणावर मी संसार केला."

"नफ्यात?"

"तोट्यात नाही, एवढं खरं."

टाइमकीपरना हुरूप आला. प्रामाणिक कंपनी हवी तर तिची परीक्षा घ्यायला हवी. डेपोत ते ड्रायव्हरांना असेच न सांगता गाठायचे. घरात बायकोचं शिलाई मशीन होतं. लग्नानंतर त्यांनीच घेऊन दिलेलं, आयुष्यभराच्या हमीचं. त्या कंपनीचे शेअरही बाजारात होते. मशीनला नवऱ्याने हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. म्हणून त्यांनी हात लावला नाही. गुरुवारी बायको भाजी आणायला गेल्यावर कंपनीला फोन लावला आणि ठोकून दिलं, "मशीन बंद पडलंय."

कंपनी टाळाटाळ करील, नाव खोडून टाकू, असा हिशेब. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक दारात हजर, आणि बायको घरात. टाइमकीपरच्या तोंडचं पाणी पळालं. आता हा म्हणणार, मशीन ठणठणीत आहे, आणि इतक्या वर्षांचा चांगुलपणा बायकोदेखत मातीत जाणार.

मेकॅनिकने चाक फिरवून पाहिलं. "सुईचा दांडा वाकलाय."

टाइमकीपर चमकले. चांगल्या मशीनमध्ये खोट काढतोय म्हणजे लबाड कंपनी. "किती घेणार?" त्यांनी खोचकपणे विचारलं.

"काही नाही. हमी आहे ना. फक्त ताडपत्री, चामडं असलं काही शिवलं नाही ना? त्याला हमी नाही."

"छे. नातीचे फ्रॉक आणि पडदे," बायको म्हणाली.

ती पाणी आणायला आत गेली. मेकॅनिकने चिमट्याने आतून एक हिरवा दोरा ओढला. पाणी घेऊन आलेल्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दोरा खिशात टाकला.

फुकट म्हटल्यावर टाइमकीपरना मन खाऊ लागलं. "अहो, ऐका. मी खोटं बोललो. मशीन चांगलं आहे."

"काका, मोडलंय."

"नाही हो. मी मुद्दाम, तुमची परीक्षा घ्यायला..."

"काकू, तुम्हीच सांगा यांना."

"मोडलंय," फरशीकडे बघत बायको म्हणाली.

टाइमकीपरना भरून आलं. आपली लाज राखायला दोघं जण धडधडीत खोटं बोलत होते, त्यातला एक तर कंपनीचा माणूस. नवा दांडा बसला, पाणी पिऊन मेकॅनिक गेला.

"सगळे पैसे तिथेच लाव," संध्याकाळी त्यांनी भाच्याला सांगितलं.

"मामा, न मोडलेली मशीनं फुकट दुरुस्त करणारी कंपनी बुडते."

"बुडू दे. चांगल्या माणसांबरोबर बुडू."

बायको नातीच्या फ्रॉकवर टीप मारत होती. चाक थांबवून म्हणाली, "अर्धेच लावा."

"का? कंपनी प्रामाणिक नाही?"

"कंपनी आहे हो. गिऱ्हाइकांचा भरवसा नाही."

टाइमकीपरनी मान खाली घातली. मग तिच्या हातून निसटलेलं रीळ उचलून तिच्यापुढे ठेवलं.

स्कूटरचं कव्हर तिने मंगळवारी घरीच शिवलं होतं.