मोहफुलांनी पुसलेलं घर

या घरात कुणीतरी पुन्हा फिनाईल आणलं आहे. मी कुणाचं नाव घेत नाही. पण मोरीमागे, जुन्या चपलांच्या खोक्यात, वरून फाटका टॉवेल टाकून बाटली लपवणारी व्यक्ती याच घरात राहते, रोज माझ्यासमोर बसून जेवते, आणि नाल्यातल्या माशांचं काय होईल याची तिला काडीची फिकीर नाही, एवढं मी जाहीरपणे सांगतो. मला धक्का बसला आहे. ज्या घरातून मी औद्योगिक संस्कृती हद्दपार केली, तिथे ती चपलांच्या खोक्यातून परत यावी!

(ती परत का आली, हे विचारू नका. बरं, विचारलंच आहे तर सांगतो.)

मी लोकेंद्र. पुण्याला पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि परत मुर्रीला आलो. हे गावाला अजून पचलेलं नाही. शिकलेला पोरगा परत आला म्हणजे नापास झाला असणार, अशी इथली सरळ समजूत. मी मात्र ठरवून आलो होतो. धूर, प्लॅस्टिक आणि केमिकलवर उभं असलेलं हे जगणं बदलायचं, आणि सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची. (दुसऱ्यांच्या घरात करू देत नाहीत.)

आधी फ्रिज बंद केला. दूध नासलं. आईने मला त्याच दुधाचा चहा दिला आणि मी क्रांतिकारकासारखा प्यायलो. मग पाळी आली फिनाईलची. फळांच्या साली, गूळ आणि पाणी ड्रममध्ये घालून तीन महिने आंबवायचं, की फरशी पुसायचं नैसर्गिक द्रव तयार होतं. त्याला बायो-एन्झाइम म्हणतात. कृतीत संत्र्याच्या साली सांगितल्या होत्या. पण संत्री ट्रकमधून येणार, ट्रक डिझेल पिणार! माझ्या मनाला ते पटेना. आपल्या जंगलाने जे दिलं आहे तेच वापरायचं, असं ठरवून मी सालेकशाच्या बाजारातून पोतंभर सुकी मोहफुलं आणली.

"कायले पाहिजे एवढी?" विकणाऱ्याने विचारलं.

"फरशी पुसायला."

तो माझ्याकडे बघून प्रेमाने हसला. "सारेच असंच काहीतरी सांगतेत, भाऊ."

मला वाटलं, वा! म्हणजे चळवळ आधीच पसरली आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझे बाबा, कुंजीलाल, गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा 'ते' असा उच्चारला जातो. त्यामुळे ओझोनचा थर कशाने विरतो हे मला तोंडपाठ होतं, पण 'ते' कशापासून बनतं याचं ज्ञान माझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. बाबांनी तर ग्रामसभेत छाती ठोकून सांगितलं होतं, "कोनाचंबी घर असो. वास आला का दार ठोकत बसू नका, सरळ घुसा. माझं घर असलं तरी!" टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात समितीच्या महिला पथकाच्या नंदाबाईने वाजवल्या.

तर ड्रम भरला, मागच्या कोठीत धानाच्या पोत्यांआड ठेवला आणि सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं, इतकं शुद्ध काहीतरी बनवतो आहे की प्यायलं तरी चालेल. (हे वाक्य लक्षात ठेवा. मोहल्ल्याने ठेवलं होतं.)

तेवढ्यात सोनिकासाठी स्थळ आलं. रविवारी मंडळी बघायला येणार होती.

सोनिका माझी धाकटी बहीण. देवरीला शाळेत शिकवते. मुलगा हेमेंद्र त्याच शाळेत गणित शिकवतो. दोघांचं आपसात केव्हाच ठरलं होतं. घरच्यांसमोर मात्र मध्यस्थाने आणलेलं स्थळ म्हणून यायचं, असा त्यांचा बेत होता आणि तो फक्त मला माहीत होता. अडचण एकच. हेमेंद्रचे वडील भुवनेश्वरजी हे फार करडे गृहस्थ. एका घरी तंबाखूची पुडी दिसली म्हणून ते चहा न घेता उठून आले होते म्हणे.

"भाऊ," सोनिका म्हणाली, "इतवारी माझ्यासाठी एक काम करशील?"

"एक काय, शंभर सांग."

"काहीच नको करू."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बिचारी संकोचाने बोलत होती. मी मनात पूर्ण कार्यक्रम आखला. डिस्पोजल ग्लास नाहीत. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या नाहीत. पळसाच्या पानांच्या पत्रावळी. आणि सर्वसमावेशक पंगत! पाहुणे, घरचे, बाया, पुरुष, ड्रायव्हर, सगळे एका ओळीत. कुणालाही वेगळं बसवायचं नाही. नवा समाज असाच घडतो, शेजारी शेजारी बसून.

राहिली फरशी. आईने गुपचूप फिनाईल मागवलं होतं. मी ते जप्त केलं. "आई, आपले पूर्वज माळव्यातून इथवर आले, ते काय फिनाईलचे कॅन घेऊन आले होते?"

"त्यांच्या घरी शेणाची जमीन होती. ही टाइल हाय," आई म्हणाली.

पण तीन महिने कुठे झाले होते? जेमतेम आठवडा झाला होता. खरं सांगतो, माझा हाच एक दोष आहे. मला वाट पाहवत नाही. पृथ्वीकडे वेळ नाही आणि मी तीन महिने थांबू? रविवारी सकाळी ड्रमचं झाकण उघडलं. फुसकन हवा सुटली. आंबटगोड, उबदार, जरा डोक्यात जाणारा वास आला. जंगलाचा श्वास! मी सगळं घर पुसलं. बैठक, कोठी, दारापुढची छपरी, पायऱ्या. पायऱ्यांना दोन हात दिले.

बाबा पाहुण्यांना आणायला नाक्यावर गेले होते. आई वडे तळत होती, तिच्या नाकात फक्त तेल. सोनिका साडीला पिना लावत बाहेर आली आणि थबकली.

"हा कसला वास हाय?"

"निसर्गाचा."

"मग निसर्गाले म्हण, आंघोळ कर," असं म्हणून ती आत पळाली, कारण बाबांना घेऊन पाहुण्यांची बोलेरो दारात थांबली होती.

भुवनेश्वरजी उतरले. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्री आणि असं नाक की ते आधी घरात येतं, मग माणूस. मागून हेमेंद्र आणि त्याची आई. शेवटी एक थोराड, हसऱ्या चेहऱ्याचे म्हातारे उतरले. "हे आमचे फुफा, जागेश्वरजी," हेमेंद्रने आपल्या आत्याच्या यजमानांची घाईघाईने ओळख करून दिली. त्याच्या आईने त्यांना लगेच छपरीतल्या खुर्चीत बसवलं. "त्यांले आत गुदमरते. बाहेरच बरे हायेत ते."

मी हादरलो. सर्वसमावेशक घरात एका वृद्धाला बाहेर? पण फुफाजींनी पायरीवर पाऊल ठेवताच डोळे मिटले, छातीभर श्वास घेतला, आणि देवळात आल्यासारखे हात जोडले. मला भरून आलं. एवढा निसर्गप्रेमी माणूस आमच्या नात्यात येणार होता.

आत बैठकीत भुवनेश्वरजी सरळ मुद्द्यावर आले. "कुंजीलालजी, आम्हाले हुंडा नको, गाडी नको. एकच अट हाय. घर निर्व्यसनी पाहिजे."

"अहो, मी दारूबंदी समितीचा अध्यक्ष आहो!" बाबा गरजले.

उकडत होतं, म्हणून मी पंखा पाचवर केला. वास उठला आणि चारी भिंतींना धडकून परत आला. भुवनेश्वरजींचं नाक हललं. हेमेंद्रच्या आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी श्वास घेतला, थांबले, पुन्हा घेतला आणि पांढरे पडले. पाहुणे बाबांकडे बघू लागले. बाबा माझ्याकडे बघू लागले.

शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं तर! मी पुढे सरसावलो. "छान आहे ना वास? मीच बनवलं. घरीच."

"घरी?" भुवनेश्वरजी.

"हो! मागे अख्खा ड्रम भरला आहे. एकदम शुद्ध. कारखान्याचं काही नाही."

"लोकेंद्र," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"बाबांच्या समितीचीच मदत घेणार आहे. गावातल्या प्रत्येक घरात पोचवायचं. बायांना चालतं, म्हाताऱ्यांना चालतं. पुढे शाळांमध्येही देणार आहे. सोनिकाच्या शाळेपासूनच सुरुवात करू!"

हेमेंद्रने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला वाटलं, भारावला.

तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. शेजारची शेळी मघापासून आमच्या ओल्या पायऱ्या चाटत होती. आता ती बोलेरोच्या बॉनेटवर चढून चारी पाय चार दिशांना पसरून उभी होती आणि आपण इथे का आलो हे आठवत होती. तिच्या मागून नंदाबाई आली आणि नंदाबाईच्या मागून महिला पथक.

"ड्रम कुठं हाय?" नंदाबाईने कमरेला पदर खोचला.

"नंदाबाई, घरी पाहुणे हायेत!" बाबा उठले.

"अध्यक्षजी, तुमीच म्हणलं होतं, माझं घर असलं तरी. आमी टाळ्या बी वाजवल्या होत्या."

बायांनी धानाची पोती सरकवली आणि ड्रम गडगडत बैठकीत आणला. नंदाबाईने बोट बुडवून हुंगलं. "मोहा, गूळ, पानी. सडवा हाय हा. असाच डोक्यात जाते, अन् भट्टीवर चढवला का पक्की दारू. वा रे समिती!"

मला जो धक्का बसला तो शब्दांत सांगता येणार नाही. ('ते' हे होतं!)

"नाही हो," मी ओरडलो, "तीन महिन्यांनी याचं फरशी पुसायचं द्रव होणार होतं!"

"तीन महिने कोन थांबून राहते? आठ दिवसांतच काढतेत."

मीही आठ दिवसांतच काढलं होतं. "बाई, हे क्लीनर आहे," मी हात जोडले.

"मोहल्लाभर तूच सांगत फिरत होता ना, प्यायलं तरी चालते म्हणून? पे मंग."

वाचकहो, तत्त्वनिष्ठ माणसाला अशा वेळी माघार घेता येत नाही. मी ग्लास भरला आणि प्यायलो. काही झालं नाही. "बघा!" म्हटलं, आणि पुराव्यासाठी दुसरा प्यायलो. मग तिसरा. तो कोणत्या मुद्द्यासाठी होता ते आठवत नाही.

पुढचं सोनिकाने सांगितलेलं. मी स्टुलावर चढून औद्योगिक संस्कृतीचा निषेध केला. पंखा बंद करून पंख्याची माफी मागितली. मग भुवनेश्वरजींना मिठी मारली, त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर गाल टेकवला आणि रडत म्हणालो, "काका, तुम्ही किती सर्वसमावेशक आहात!"

भुवनेश्वरजींनी मला खांद्यावरून सोडवून कोपऱ्यात ठेवलं, छत्री ठेवतात तसं. "चाल, हेमेंद्र. गाडीवरची शेळी उतरव."

एवढं मात्र मला स्वच्छ आठवतं, कारण सोनिकाचा चेहरा मी पाहिला. क्षणभर माझी सगळी नशा त्या चेहऱ्याने उतरवली. जो रविवार तिने इतके दिवस जपून आणला होता, तो मी फडक्याने पुसून टाकला होता.

पण ती रडली नाही. दारात जाऊन उभी राहिली. "काकाजी, माझा भाऊ बेवडा नाही. येडा हाय. आज पहिल्यांदा पेला, तोबी फरशीसाठी. तुमाले जायचं तर जा. पण छपरीत तुमी जागेश्वर फुफांले बसवलं, ते गुदमरते म्हणून का?"

भुवनेश्वरजी गर्रकन वळले. "तुले कोनं सांगितलं?"

"मीच," हेमेंद्र खाली बघत म्हणाला. "सारं सांगितलं बाबा. फुफा रोज पेतेत, म्हणून आपण निर्व्यसनी घर शोधून राहिलो, हे बी."

"अन् तरी तू हो म्हणून राहिली?" भुवनेश्वरजींनी सोनिकाकडे पाहिलं.

"मानूस चांगला हाय," सोनिका म्हणाली. "हेमेंद्रले सायकल त्यायनंच शिकवली ना?"

बॉनेटवरून शेळी ओरडली. मग भुवनेश्वरजी हळूहळू परत येऊन बसले. त्यांनी छपरीकडे बघितलं, मग कोपऱ्यात माझ्याकडे. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा मोठा सुस्कारा टाकला.

"कुंजीलालजी, म्हणजे बरोबरी झाली. आमच्या घरी ते हायेत, तुमच्या घरी हा हाय. आता कोनी कोनाले काही म्हणायचं नाही. पोरगी पसंत."

"पण मी 'तो' नाही!" मी म्हणालो. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. जीभ वळली नाही. बाबांनी चक्क हात जोडून भुवनेश्वरजींचे आभार मानले. माझ्या बापाने, समितीच्या अध्यक्षाने, मला घरच्या बेवड्याच्या जागेवर कायमचं नेमून टाकलं, कारण त्या जागेवर बहिणीचं लग्न टिकत होतं. मीही गप्प बसलो. सोनिकाने सांगितलेलं काम शेवटी केलं.

मग पंगत बसली. हुबेहूब माझ्या मनातली! पळसाच्या पत्रावळी, एक ओळ. भुवनेश्वरजींच्या शेजारी ड्रायव्हर, त्याच्या शेजारी आई, हेमेंद्रच्या आईला खेटून नंदाबाई, अख्खं महिला पथक. कुणीही उपाशी नाही, कुणीही वेगळं नाही. वड्यांची टोपली या हातातून त्या हातात जात होती. असं सुंदर दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मी ते छपरीतून पाहत होतो. बाबांनी माझी पत्रावळ बाहेर पाठवली होती.

शेजारच्या खुर्चीवर जागेश्वर फुफाजी शांतपणे वडा खात होते. त्यांनी आपल्या पानातली कढी माझ्या द्रोणात ओतली आणि आपलेपणाने माझ्या मांडीवर थाप मारली.

"लगनात बी आपल्या दोघाईले असंच बाहेर बसवतेत, बाबू. पण पंख्याखालची खुर्ची माझी, आधीच सांगून ठेवतो."