गाडीला कुणाचा तरी हात लागलाय

रविवारी सकाळी गाडी पहिल्याच किकला सुरू झाली आणि तपासनिसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

दुसरा कुणी असता तर हरखून गेला असता. पण तपासनीस विमा कंपनीत होते. पडलेल्या भिंती, जळालेली दुकानं आणि हरवलेले दागिने यांचे दावे खरे की खोटे हे ठरवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. काही वाईट घडलं की त्यांना थोडा संशय यायचा, आणि काही चांगलं घडलं की पुरता.

शिवाय ही गाडी पहिल्या किकला सुरू होणाऱ्यांतली नव्हतीच. पन्नास वर्षांपूर्वीची, दोन सिलिंडरची स्पोर्ट्स मोटरसायकल. खाली वाकलेलं हँडल, लांबट टाकी आणि जेमतेम दीड माणसाला पुरेल अशी सीट. अकरा वर्षांपूर्वी तपासनिसांनी ती तीन पोत्यांत भरून घरी आणली होती. तेव्हापासून नट न् नट त्यांनी स्वतः घासला, स्वतः बसवला आणि बऱ्याचदा स्वतःच हरवला. दर रविवारी बारा ते चौदा किका मारल्या, शर्ट अंगाला चिकटला आणि गाडीच्या मूळ कारखानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला की ती खोकून जागी व्हायची. हा क्रम कधी चुकला नव्हता.

त्यांनी पॉइंटचं झाकण उघडलं. आत ठिणगी पाडणारे दोन पॉइंट लखलखीत घासलेले, आणि त्यांच्यातली फट अगदी पुस्तकात दिल्याइतकी. तपासनिसांना ती फट अकरा वर्षांत कधी जमली नव्हती. म्हणजे गाडीला कुणाचा तरी हात लागला होता.

आणि नेमका हाच आठवडा आडवा आला होता. जुन्या मोटरसायकलींच्या क्लबचे परीक्षक पुढच्या रविवारी घरी येणार होते. संपूर्ण गाडी स्वतःच्या हाताने उभी करणाऱ्याला क्लब पितळेचा एक बिल्ला देत असे. आजवर तो फक्त नऊ जणांना मिळाला होता, आणि दहावा आपल्या छातीवर असावा यापलीकडे तपासनिसांना आयुष्यात फारसं काही नको होतं. त्यासाठी एका कागदावर सही करायची: ‘या गाडीला माझ्याखेरीज अन्य कोणाचाही हात लागलेला नाही.’ खोट्या सह्या पकडण्यात केस पांढरे केलेल्या माणसाला तशी सही करणं शक्यच नव्हतं.

त्यांनी संशयितांची यादी केली. पहिला नंबर उस्तादचा. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा हा मेकॅनिक चार वर्षांपूर्वी ‘साहेब, हे तुमच्या हातचं काम नाही’ असं तोंडावर म्हणाला होता, तेव्हापासून बोलणं बंद होतं. दुसरा नंबर शेजारच्या दंतवैद्याचा, कारण तो गाडीकडे बघताना हसायचा. बायकोला वगळलं, शिडी हवी असेल तेव्हाच ती शेडमध्ये पाऊल टाकायची आणि दिवसभर तिची शाळा असायची. राहिल्या सासूबाई. गुडघेदुखीमुळे त्या महिनाभर लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि सारा वेळ खिडकीत बसून असत, म्हणून तपासनिसांनी त्यांना साक्षीदारांत घातलं.

“आई, शेडकडे कुणी आलं होतं का?”

“परकं कुणी नाही आलं हो,” सासूबाई म्हणाल्या. तपासनिसांनी तसं वहीत लिहून घेतलं.

चोर सापडेपर्यंत सही खरी ठरवायचा एकच मार्ग होता. सोमवारी संध्याकाळी त्यांनी पॉइंटचा स्क्रू सैल केला आणि नेहमीप्रमाणे दात-ओठ खात, जरा जास्तच, पुन्हा आवळला. फट चुकली. गाडी तेराव्या किकला सुरू झाली. आता ती पुन्हा पूर्णपणे त्यांच्या हातची होती. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

मंगळवारी संध्याकाळी ती पहिल्या किकला सुरू झाली.

तपासनिसांनी ती पुन्हा बिघडवली. शेडच्या कड्यांना काळा दोरा बांधला, म्हणजे कुणी दार उघडलं तर तो तुटेल. बुधवारी दोरा जागेवर होता, पण त्यांची ओबडधोबड गाठ जाऊन तिथे बारीक, देखणी गाठ आली होती. गाडी अर्थातच पहिल्या किकला सुरू झाली. त्यांनी ती तिसऱ्यांदा बिघडवली. स्वतःचीच गाडी रोज नेमाने बिघडवताना त्यांना मनातून लाज वाटत होती, पण सत्याचा प्रश्न होता.

गुरुवारी ती पुन्हा पहिल्या किकला सुरू झाली, तेव्हा मात्र त्यांनी चार वर्षांचा अबोला मोडला आणि गाडी थेट उस्तादच्या गॅरेजसमोर नेऊन उभी केली. हे तुझंच काम आहे, कबूल कर, असं त्यांनी दटावून पाहिलं. उस्तादने झाकण उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि हात पुसले.

“साहेब, हा हात माझा नाही. माझ्यापेक्षा चांगला आहे.” मग त्याचाही आवाज बदलला. “कोण आहे तो? नवीन गॅरेज निघालंय का कुठे? माझ्यापासून लपवताय?”

आता उस्तादलाही संशयाने पछाडलं. त्याने क्लचच्या केबलवर बोट फिरवून नाकाशी नेलं आणि हे तेल गाडीचं नाही, शिलाई मशीनचं आहे, असा निकाल दिला.

तपासनीस तडक चौकातल्या शिंप्याकडे गेले. सरळ विचारलं तर आरोपी सावध होतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून जाताना घरून एक चांगली पँट नेली. शिंपी मापं घेत असताना ते ‘मोटरसायकल चालवता का?’, ‘मंगळवारी दुपारी कुठे होता?’ असं आडून आडून विचारत राहिले. शिंप्याला सायकलसुद्धा येत नव्हती. पँट तेवढी दोन इंच आखूड झाली. चांगली पँट नवऱ्याने आखूड का करून घेतली हे बायकोला कळेना. तिने तो संध्याकाळी शेडमध्ये एकटा काय करतो तेही विचारलं, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्याने तीही त्याच्याकडे निराळ्या नजरेने बघू लागली.

गाडी चौथ्यांदा बिघडवून ठेवून शुक्रवारी तपासनिसांनी रजा टाकली. ऑफिसला जातो असं सांगून ते निघाले, गल्लीला वळसा घालून परत आले आणि शेडमध्ये फ्रीजच्या रिकाम्या खोक्यामागे बसले. दुपारी दोनच्या सुमाराला दार वाजलं. आधी काठी आत आली, मग चष्मा, मग सासूबाई.

त्यांनी पदर खोचला, त्या एका हाताने सीटचा आधार घेत स्टुलावर बसल्या आणि दोन मिनिटांत त्यांनी झाकण उघडलं. पिशवीतून बारीक स्क्रूड्रायव्हर निघाला, तेलाची छोटी बुधली निघाली. कपड्यांच्या कारखान्यात सासूबाईंनी तीस वर्षं काढली हे तपासनिसांना ठाऊक होतं. पण त्या तिथे शिवत नव्हत्या, साठ मशीनची दुरुस्ती सांभाळत होत्या, हे जावयाने कधी विचारलंच नव्हतं.

“जावईबापू,” सासूबाई मागे न वळता म्हणाल्या, “आलाच आहात तर बॅटरी धरा. उजेड कमी पडतोय.”

तपासनीस खोक्यामागून निघाले आणि त्यांनी बॅटरी धरली.

“आई, पण तुम्ही... कशासाठी?”

“दर रविवारी चौदा किका मारता. खिडकीतून दिसतं मला. लेकीच्या नवऱ्याला अशी धाप लागलेली बघवत नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला कमीपणा वाटला असता, म्हणून गुपचूप करत होते.”

सगळं कबूल करावं असं तपासनिसांनी ठरवलं आणि तोंड उघडलं.

“पण एक सांगते,” सासूबाईंनी आवाज खाली आणला. “कुणीतरी रोज येऊन ही बिघडवतंय. मी नीट केली की दुसऱ्या दिवशी परत तेच. स्क्रू असा करकचून आवळलेला असतो, जनावराने आवळावा तसा. दाराला दोरासुद्धा बांधला होता मेल्याने. पाळत आहे आपल्या घरावर. मला तर त्या उस्तादचा संशय येतो. एकदा सापडू दे, चांगली खरडपट्टी काढते.”

तपासनिसांनी उघडलेलं तोंड मिटलं.

रविवारी परीक्षक आले. रोडका माणूस, खिशात भिंग. सासूबाई आणि बायको दारात उभ्या राहिल्या. तपासनिसांनी किक मारली आणि गाडी लगेच गुरगुरू लागली. परीक्षकांचा चेहरा पडला.

“पहिल्याच किकला?” ते म्हणाले. “घरी बांधलेली गाडी अशी सुरू होत नाही. यात कुणा मुरलेल्या मेकॅनिकचा हात आहे.” आणि तरीही त्यांनी सहीचा कागद पुढे केला, माणूस किती खोटं बोलतो ते त्यांना बघायचं असावं.

तपासनिसांनी पेन हातात घेतलं. अकरा वर्षं डोळ्यांसमोरून गेली. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मला सही करता येणार नाही. हे काम माझ्या सासूबाईंचं आहे.”

परीक्षकांनी दारात काठी टेकून उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं आणि मान हलवली. इतकी वर्षं ते गाड्या तपासत होते. मेकॅनिक लपवायला लोकांनी मेहुणे पुढे केलेले त्यांनी पाहिले होते, पण सासू ही हद्द होती. बाकी गाडीवरचा ओबडधोबड हात तर मालकाचाच दिसत होता. प्रश्न फक्त पॉइंटचा होता. तेवढे आत्ता माझ्यासमोर खोलून बसवून दाखवा, लगेच खरं-खोटं होईल, असं ते म्हणाले.

तपासनीस खाली बसले. स्क्रू सैल केला, फट मोजली, पुन्हा मोजली आणि दात-ओठ खात स्क्रू आवळला. नंतर उगीच अजून थोडा आवळला. दारात उभ्या असलेल्या सासूबाई काठी टेकत एक पाऊल पुढे आल्या. त्या स्क्रूकडे बघत होत्या.

पहिली किक कोरडी गेली. पाचवीला धूर आला. अकरावीला तपासनिसांच्या तोंडून कारखानदाराच्या आईचा उल्लेख निसटला. तेराव्या किकला गाडी खोकत सुरू झाली आणि परीक्षकांचा चेहरा उजळला.

“आता पटलं,” ते म्हणाले. “हे मालकाचंच काम. आधीची किक म्हणजे निव्वळ नशीब.”

सही मला करता येणार नाही, असं तपासनीस पुन्हा पुन्हा सांगत राहिले. परीक्षकांना हा विनय फार आवडला. विनयशील माणसाला सहीची गरज नसते असं म्हणून त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, बिल्ला तपासनिसांच्या छातीवर लावला आणि ते निघून गेले.

सासूबाई हळूहळू गाडीजवळ आल्या.

“रोज संध्याकाळी,” त्या म्हणाल्या, “तुम्हीच?”

तपासनिसांनी खाली मान घालून होकार दिला. सत्याबद्दल काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण तो त्यांना स्वतःलाच पटेना. सासूबाई रागावल्या नाहीत. त्या एकदम ओशाळल्या.

“मी काल उस्तादला फोन करून नाही नाही ते बोलले हो. चोर म्हणाले, जनावर म्हणाले. बिचारा ऐकून घेत होता.”

“मीही गुरुवारी त्याच्याच अंगावर गेलो होतो.”

दोघांनी जाऊन माफी मागायची असं ठरलं, आणि ते आत्ताच, कारण अशा गोष्टी उद्यावर टाकल्या की राहून जातात. इतक्या खोकणाऱ्या गाडीवरून गुडघे दुखणाऱ्या बाईला नेणं मात्र शक्य नव्हतं. सासूबाईंनी पदर खोचला आणि स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला. तपासनिसांनी तो मुकाट्याने दिला, छातीवरचा बिल्ला सरळ केला आणि परीक्षक परत तर येत नाहीत ना, हे बघायला ते फाटकाशी जाऊन उभे राहिले.