झापाआडचं कस्टम हाउस

"हे काय आहे?" सुधीर रेडकर इतक्या जोरात ओरडले, की गीता उकडीचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

गणपतीपुढच्या टेबलावर तीन गाठोडी ठेवलेली होती. होय, गाठोडीच! निळंशार चकचकीत कापड, त्याला सुतळीच्या बारीक गाठी, आणि शोभेला म्हणून कडेनं चंदेरी गोटा.

"आपकी बंदरपेठ, हुज़ूर," नासिर मियां अदबीनं म्हणाले. लखनौच्या चौकात तीस वर्षं बांबू-कागदाचं नाजूक काम करणारा हा कारागीर. "ये कस्टम हाउस, ये नमक का कोठार, और ये डाकख़ाना."

रेडकरांच्या डोक्यात तिडीक गेली. कारण आज त्यांची अब्रू पणाला लागली होती. जानकीपुरमात राहायला आल्यापासून सहा वर्षं शेजारचे निगमजी त्यांना एकच ऐकवत होते: "हमारे लखनऊ में तो ईंट-ईंट की तारीख़ है, इतिहास है, रेडकर साहब. आपके यहाँ क्या है? मछली?" माणसानं ऐकून घ्यायचं तरी किती! रेडकर कोकणातल्या माडबंदरचे. तिथल्या बंदरपेठेत जांभ्या दगडाच्या दीडशे वर्षांच्या इमारती उभ्या आहेत आणि हा गृहस्थ मासळीवर येतो! म्हणून यंदा त्यांनी गणपतीला बंदरपेठेचाच देखावा करायचं ठरवलं आणि अख्ख्या बिल्डिंगला आमंत्रण दिलं. "कस्टम हाउसच्या बावीस कमानी आहेत, मोजून घ्या," असंही निगमजींना बजावून ठेवलं.

आता मोजा म्हणावं!

"कमानी कुठायत? मेहराब कहाँ हैं?" रेडकर कडाडले.

"आपके फ़ोटो में थे ही नहीं, साहब." नासिर मियांचा आवाजही चढला. "जो दिखा, वही बनाया. एक गाँठ का फ़र्क़ निकले तो कहिए!"

रेडकरांनी मोबाइल उघडला. धाकट्या भावानं, आदेशनं, फोटो काढले होते भर आषाढात. आषाढात कोकणात भिंतींना पावसाची झड लागू नये म्हणून वरपासून खालपर्यंत माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप नाहीतर निळं प्लास्टिक बांधतात. ते रेडकरांच्या ध्यानातच नव्हतं. गेली वीस वर्षं ते गावी जायचे ते फक्त मे महिन्यात, आंबे खायला.

"अहो, पण तुम्ही फोटो बघितले नव्हते?" गीतानं विचारलं.

"बँकेत ऑडिट चालू होतं! आले तसे पुढे पाठवले."

"धन्य आहे! आणि ओरडताय त्यांना!"

"पापा, कपड़ा हटा दो ना, सिंपल," रुचा सोफ्यावरून म्हणाली.

रेडकरांनी तावातावानं कस्टम हाउसवरचं कापड ओढलं. आत चार कामट्या होत्या आणि बिस्किटांचा रिकामा खोका. त्यांनी नासिर मियांकडे पाहिलं.

"अंदर का फ़ोटो दिया था क्या?" नासिर मियांनी विचारलं, आणि ते रागारागानं जिना उतरून गेले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात निगमजी, मागे सगळी बिल्डिंग. रेडकरांनी घाईघाईनं कापड परत गुंडाळलं, गाठ मारली आणि घाम पुसला.

निगमजींनी गणपतीला नमस्कार केला, चष्मा सारखा केला आणि देखाव्याकडे एकटक पाहत राहिले.

"ये... क्या है?"

आता आली मासळी, असं वाटून रेडकरांनी दात आवळले. उत्तर रुचानं दिलं. "अंकल, बारिश में हमारे यहाँ पुरानी बिल्डिंग को ऐसे ढकते हैं. हर साल. पूरा मोहल्ला."

एकाएकी निगमजींचा चेहरा लाल झाला. "हमारे नाना की कोठी पिछले सावन में बैठ गई! चार मामा थे, चारों लखनऊ में! किसी ने एक तिरपाल नहीं डाला! और दिन भर तारीख़ सुनाते हैं! लानत है!"

गीतानं पटकन त्यांच्या हातात मोदकाची ताटली दिली. रेडकरांची छाती हळूहळू फुगू लागली. सहा वर्षांत पहिल्यांदा निगमजी त्यांच्याकडे आदरानं पाहत होते.

"अब कपड़ा हटाइए, रेडकर साहब," निगमजी गहिवरून म्हणाले. "वो बाईस मेहराब भी दिखा दीजिए."

गीतानं डोळे मिटून घेतले. पण रेडकर असे भडकले, की दुपारपासूनचा सगळा संताप त्यात उतरला.

"बारिश में? भर बारिश में झाप कौन निकालता है, निगमजी? कुछ तो सोचिए! दिवाली के बाद आइए!"

"सही बात है," निगमजी ओशाळून म्हणाले. "दिवाली के बाद. हम सब आएँगे."

पाहुण्यांची पाठ वळताच रेडकरांनी आदेशला फोन लावला. "कस्टम हाउसचे फोटो काढून पाठव. झाप काढून! आजच्या आज!"

पलीकडून धो धो पावसाचा आवाज येत होता.

"खुळो झालस काय, दादा?" आदेश भडकला. "ह्या पावसात झाप कोण काढतलो? दिवाळी झाल्यार फोन कर!"