पाण्याकडे जाणारी सोपी वाट

रविवारी तळ्यावर जायचं, एवढंच तिने ठरवलं. ठरवलं तेव्हा ती दुधाच्या बाटल्या घासत होती. ओट्यासमोरच्या खिडकीतून, दोन इमारतींच्या फटीतून, लांबवर नखाएवढं पाणी चमकायचं. लेक झाल्यापासून नऊ महिने ती ते नख बघत होती. या नऊ महिन्यांत तिचा प्रवास म्हणजे दवाखाना, औषधांचं दुकान आणि कपडे वाळत घालायची गच्ची. (गच्चीवरून तळं दिसत नाही. मध्ये टाकी येते.) लग्नाआधी ती शिवणक्लासला कालव्याच्या कडेने चालत जायची. हात हलवत, उगाच रेंगाळत. हल्ली तिला क्लास आठवायचा नाही, शिकलेली शिवण आठवायची नाही, ते रेंगाळणं तेवढं आठवायचं.

तिला त्या पाण्याच्या काठाशी एकदा उभं राहायचं होतं. उभं राहून काय करायचं, ते काही ठरलं नव्हतं. काहीच करायचं नव्हतं, तेच तर हवं होतं.

नवरा पाट्या रंगवणारा पेंटर. तळ्याभोवती पक्ष्यांसाठी राखलेलं रान होतं आणि रानाच्या तोंडाशी एक जुना, पडका बुरूज. बुरुजापासून तळ्यापर्यंत नुकतीच पायवाट आखली होती आणि तिच्यावरची एकूण एक पाटी नवऱ्याच्या हातची होती. पाट्या टेम्पोतून गेल्या, हा कधी गेला नाही. पण घरात तो असं बोलायचा, की जणू रानही त्यानेच रंगवलंय.

वाटेचं माहितीपत्रक त्याने आणून दिलं होतं. 'सोपी वाट. अंतर दोन किलोमीटर. वृद्ध व लहान मुले यांनाही जमेल.' तिने ते चार वेळा वाचलं. लहान मुलांना जमेल हे ठीक, पण लहान मुलांच्या आईला जमेल असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मग तिने पिशवी भरायला घेतली.

आधी दोन दुपटी ठेवली. दोन ओली झाली तर, म्हणून आणखी चार. ऊन लागलं तर टोपी, वारा सुटला तर कानटोपी, आणि ऊन-वारा दोन्ही आलं तर काय करायचं, हे सासूबाईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, तर घरी राहायचं. मग थर्मास, तापाचं औषध, ताप मोजायची नळी, आणि नळी फुटली तर हात लावून ताप ओळखण्यासाठी सासूबाईंनाच न्यावं की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. शेवटी बाबागाडीत सामान बसलं आणि लेक नवऱ्याच्या खांद्यावर.

घरातून अकराला निघायचं होतं ते अडीचला निघाले. बसमधून उतरून बुरुजापाशी पोचायला पावणेचार झाले. फाटकावरच्या रखवालदाराने बजावलं, की पाचला रान बंद, त्यानंतर आत कोणी थांबायचं नाही.

वाट मात्र खरंच सोपी होती. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, पायाखाली मऊ माती. लेक दूध पिऊन गाढ झोपली होती. चालताना तिला कालव्याचा वास आला असं वाटलं. एखाद्या माणसाला विचारून घेऊ या, असं ती दोनदा म्हणाली, कारण विचारून घेतल्याशिवाय तिला स्वतःच्या घरचा जिनाही खात्रीचा वाटत नसे. पण नवरा प्रत्येक पाटीसमोर उभा राहायचा, मान तिरकी करून अक्षर बघायचा आणि पुढे निघायचा. स्वतःच्या पाट्या असताना दुसऱ्याला वाट विचारायची म्हणजे न्हाव्याने दुसऱ्याकडे दाढी करायला जायचं, असं त्याचं म्हणणं.

एका फाट्यावर पाटी होती, 'पाण्याकडे'. बाण उजवीकडे. ती पिशव्यांची बाबागाडी ढकलत जवळजवळ पळाली. वाट वळली, चढली, पुन्हा उतरली, आणि एका सिमेंटच्या कट्ट्यापाशी संपली. कट्ट्याला तीन नळ होते. मधला गळत होता.

"हे काय?" तिने विचारलं.

नवऱ्याने नळाकडे पाहिलं.

"पाणी," तो म्हणाला.

तेवढ्यात दुसरा एक रखवालदार कळशी घेऊन आला. तळं कुठे, असं विचारल्यावर तो हसलाच. तळं फाट्यावरून डावीकडे, म्हणाला. मग ही पाटी इकडे कशी, यावर तो म्हणाला, "पाटीवर लिहिलंय पाण्याकडे. आम्ही नळाकडे ठोकली. तुम्हीच सांगा, तहानलेला माणूस पाटी वाचून कुठे जाईल?" आणि पाटी लागल्यापासून पाण्यासाठी कुणाची तक्रार नाही, अक्षरही ठसठशीत आहे, असं त्याने वर सांगितलं. अक्षराचं ऐकून नवऱ्याचा चेहरा क्षणभर खुलला. मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

हळूहळू नवऱ्याकडून सगळं बाहेर आलं. मूळ कागदावर लिहिलं होतं 'पाणपक्ष्यांकडे'. फळी कापली आखूड. तेवढ्या जागेत 'क्ष्यां' बसेना. बसवलं तर अक्षर चिरडतं, आणि चिरडलेलं अक्षर त्याच्या हातून जात नाही. शेवटी पक्षी पाण्यावरच असणार ना, म्हणून त्याने 'पाण्याकडे' लिहून टाकलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुम्ही पक्षी गाळलेत."

"जागाच नव्हती गं."

ती रडली नाही, भांडलीही नाही. भांडायला वेळच नव्हता. पाचाला वीस मिनिटं होती. तळं इथून दहा मिनिटांवर, आणि शेवटी लाकडी फळ्यांची वाट, तिथे बाबागाडी जाणार नाही. पुढच्या रविवारी येऊ, नवरा म्हणाला. पुढचा रविवार म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. तिने थर्मास त्याच्या हातात दिला आणि एकटी निघाली.

दहा पावलं गेली आणि मान नीट धरा हे सांगायला परत आली. पुन्हा गेली, पुन्हा टोपीचं सांगायला आली. तिसऱ्यांदा वळली तेव्हा नवरा म्हणाला, "तू जातेस की मी जाऊ?" तेव्हा कुठे ती गेली.

फळ्या पायाखाली वाजत होत्या. दोन्ही हात रिकामे होते. त्यांचं काय करायचं ते हातांनाच कळेना. आधी तिने पदर धरला, मग सोडला, मग हात हलवून पाहिले. आणि गवत संपलं, समोर पाणी. नखाएवढं नव्हतं. डोळे पुरणार नाहीत एवढं होतं. त्यावर संध्याकाळचं ऊन पसरलं होतं आणि मधोमध काळे ठिपके हळूच सरकत होते. ती उभी राहिली. शेजारी दुर्बीण लावून बसलेले एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले, बाई, जरा स्थिर उभ्या राहा, पक्षी बिचकतात. तेव्हा तिला कळलं, की आपण रिकामे हात छातीशी धरून डुलतोय. तिने डुलणं थांबवलं. कुणालाही झोपवायचं नसताना नुसतं उभं राहणं किती अवघड, हे तिला आत्ता समजत होतं. जमत आलं होतं, खरंच जमत आलं होतं.

इतक्यात रडणं ऐकू आलं. बारीक, तुटक, श्वास कोंडल्यासारखं.

ती वळली आणि सुटली. फळ्यांवरून, गवतातून, चप्पल एका हातात घेऊन. धापा टाकत नळापाशी पोचली, तर लेक नवऱ्याच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेली.

"रडत होती ना?"

"कोण? हलली नाही."

रखवालदार मात्र कळशी ठेवून पुढे आला. रडणं कुठून आलं, असं त्याने विचारलं. डावीकडून, पाणगवतातून, ती म्हणाली. त्याने कपाळावर हात मारला. तो पक्षी होता. हुबेहूब तान्ह्या पोरासारखा ओरडतो, एरवी गवताबाहेर येत नाही, लोक लांबून लांबून त्याच्यासाठी येऊन बसतात. दुर्बीणवाले आजोबा सलग चौथा रविवार बसले होते. "ओरडला की मिनिटभरात बाहेर येतो," तो म्हणाला. "तेवढं थांबायला हवं होतं, ताई."

फाटक बंद करायची शिट्टी झाली. ते परत फिरले. सामान बाबागाडीत, लेक खांद्यावर, आणि ती मागे बघत बघत चालत होती. बुरुजाजवळ आले तेव्हा पुन्हा तोच आवाज आला. बारीक, तुटक.

तिने नवऱ्याचं कोपर घट्ट धरलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मागच्या गवताकडे बघत श्वास रोखून उभी राहिली. अजिबात डुलली नाही. आवाज वाढला, तसे तिचे डोळे भरून आले.

"ऐकलंत?" ती कुजबुजली. "हलू नका. आता बाहेर येईल."

नवऱ्याने तिला थोडा वेळ तसंच बघू दिलं.

"अगं," मग तो हळूच म्हणाला, "ही आपली आहे. भूक लागलीय तिला."