टेलिफोन छाप सभासद

जुन्या जालन्यातल्या जेठमल शेठच्या बिड्यांवर टेलिफोनचं चित्र होतं, पण शेठच्या पेढीवर टेलिफोन नव्हता. अर्ज करून दोन वर्षं झाली होती. दर महिन्याला ते टेलिफोनच्या कचेरीत जायचे, तिथला कारकून दर महिन्याला नवा खांब कधी येणार ते सांगायचा, आणि खांब काही यायचा नाही. नांदेडहून मालाची मागणी पोस्टकार्डानं यायची आणि तोवर तिथल्या दुकानदारानं दुसऱ्याचा माल भरलेला असायचा. शेठना त्याहूनही लोकांचं बोलणं जास्त लागायचं. घासून गुळगुळीत झालेला एकच विनोद बाजारातला प्रत्येक जण त्यांना ऐकवायचा: ज्याच्या टेलिफोनमधून नुसता धूर निघतो, तो शेठ.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत त्यांच्या पत्त्यावर परदेशी तिकिटांचं एक जाड पाकीट आलं. आतला मजकूर इंग्रजीत होता, म्हणून शेठनी शाळेतल्या रामराव मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पत्र आधी मनात, मग मोठ्यानं वाचलं. युरोपात तार आणि टेलिफोनवाल्यांचं एक आंतरराष्ट्रीय मंडळ होतं. यंत्रं कशी असावीत, तारा कशा जोडाव्यात, एका देशातला आवाज दुसऱ्या देशात कसा पोचवावा याची मापं ते ठरवायचं. जालन्यात टेलिफोनचा कारखाना असल्याचं त्यांना व्यापाऱ्यांच्या एका यादीवरून कळलं होतं आणि त्यांनी शेठना सभासद होण्याचं आमंत्रण दिलं होतं.

चूक कुठं झाली ते मास्तरांच्या ताबडतोब ध्यानात आलं. शेठच्या दारावरची इंग्रजी पाटी निजामाच्या काळात एका पेंटरनं रंगवली होती. त्यानं ‘टेलिफोन’ हा शब्द एवढा ऐसपैस काढला की ‘बिडी’ला जागाच उरली नाही. पाटीवर ‘जेठमल आणि मंडळी, टेलिफोन वर्क्स’ एवढंच राहिलं आणि पुढं छापील कागदांवरही तेच उतरलं.

“शेठजी, हे टेलिफोन बनवणाऱ्यांसाठी हाये,” मास्तर म्हणाले. “आपण टेलिफोन छाप बनवतो.”

“छाप का बिनछाप, असं विचारलंय का त्यांनी?”

मास्तरांनी पत्र पुन्हा पाहिलं. तसं कुठं विचारलेलं नव्हतं.

मग शेठनी सभासदत्वाचे फायदे वाचायला सांगितले. फायदे दीड पान होते. सभासदाला समित्यांमध्ये बसून आपलं म्हणणं मांडता येई. नवी माहिती इतरांच्या आधी त्याच्या हाती पडे. जगभरातल्या कंपन्यांशी आणि सरकारांशी ओळख होई. शेवटी लिहिलं होतं की, नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांतल्या सभासदांना पहिली दोन वर्षं वर्गणी माफ आहे आणि जिथं लाइन पोचलेली नाही तिथं ती पोचवायला मंडळ मदत करतं. इथं शेठनी मास्तरांना थांबवलं आणि हे शेवटचं वाक्य तीनदा वाचून घेतलं.

“लिहा मास्तर, आम्ही सभासद होतो म्हणून. फक्त एकही अक्षर खोटं लिहायचं न्हाई.”

दोन महिन्यांनी सभासदत्वाचं प्रमाणपत्र आलं. शेठनी ते काचेत बसवून गादीमागं लावलं. बाजारात बातमी पसरायला वेळ लागला नाही. आता ज्याला त्याला वाटू लागलं की जालन्याचे टेलिफोन शेठच्या हातात आहेत. घनसावंगीचा एक कापसाचा व्यापारी आपल्या गावाला लाइन मिळावी म्हणून गुळाची ढेप घेऊन आला. ज्याचा टेलिफोन खरखरायचा तो येऊन तक्रार करायचा. शेठ सगळ्यांना चहा पाजायचे आणि वरती कळवतो म्हणायचे. त्यांच्या बायकोनं, पानबाईनं, वरती म्हणजे नेमकं कुठं असं एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी काचेतल्या कागदाकडं बोट दाखवलं.

प्रमाणपत्रापाठोपाठ मंडळाची प्रश्नावली आली. प्रत्येक सभासदानं आपल्या मालाची माहिती भरून पाठवायची होती. शेठनी पेढीचं दार लावून घेतलं, पुढ्यात बिड्यांचा कट्टा ठेवला आणि मास्तरांबरोबर अख्खी दुपार काढली.

वस्तू टेबलावर ठेवायची की हातात धरायची, या पहिल्या प्रश्नाला हातात धरायची असं उत्तर गेलं. रोजचं उत्पादन किती? चाळीस हजार. तार कोणत्या प्रकारची लागते? तार लागत नाही, फक्त लाल दोरा लागतो. एका वेळी किती वेळ चालते? पाच ते सात मिनिटं. एक वस्तू किती जण वापरू शकतात? शेठनी जरा आठवून पाहिलं आणि चार सांगितलं, पण आळीपाळीनं. वापरताना काही आवाज येतो का? कधी कधी, खोकल्यासारखा.

लांबीच्या प्रश्नाशी मात्र गाडी अडली. शेठनी आजवर बिडी कधी मोजली नव्हती. त्यांनी कारखान्यातून वीस बायकांच्या वीस बिड्या मागवल्या आणि मास्तरांच्या फूटपट्टीवर ठेवल्या. सव्वादोन इंचांपासून तीन इंचांपर्यंत सगळी मापं निघाली. प्रत्येक बाईचा पान कापायचा पत्र्याचा फर्मा वेगळा, कुणी तेलाच्या डब्याचा कापलेला, कुणी सासूकडून आलेला.

“काय लिहू?” मास्तरांनी विचारलं.

“खरं ते लिहा. सव्वादोन ते तीन इंच, लांबी बाईगणिक बदलते.”

बिडी वळणाऱ्या बाईला इंग्रजीत काय म्हणतात ते मास्तरांना सुचेना. त्यांनी ‘ऑपरेटर’ हा शब्द घातला. लांबी सव्वादोन ते तीन इंच, ऑपरेटरप्रमाणे बदलते, असं लिहिलेला कागद शेठच्या सहीनं युरोपला रवाना झाला.

तिकडं तो वाचणाऱ्यांची काय अवस्था झाली ते पुढं कळलं. हिंदुस्थानातल्या एका तालुक्याच्या गावात रोज चाळीस हजार बिनतारी टेलिफोन तयार होतात, ते तीन इंचांहून मोठे नाहीत आणि एकावर चौघं बोलतात, असा त्याचा अर्थ झाला. मंडळाचे हेन्सन नावाचे एक बुजुर्ग इंजिनिअर तेव्हा दिल्लीला परिषदेसाठी आले होते. त्यांना तारेनं हुकूम गेला की परत येण्याआधी जालना पाहून या. दिल्लीतून टेलिफोनच्या वरिष्ठांना कळवण्यात आलं, वरिष्ठांनी खालच्यांना कळवलं आणि एका सकाळी टेलिफोनचे साहेब जीपमधून शेठच्या दारात उतरले. पाहुणे चार दिवसांवर आले होते आणि टेलिफोनच्या कारखान्यातच टेलिफोन नव्हता.

साहेब आत आले. त्यांना तंबाखूचा वास आला. पडवीत टेंभुर्णीच्या पानांची पोती रचलेली दिसली. त्यांनी खिशातला हुकूम काढून वाचला. पाहुणे येण्याआधी सदर कारखान्याला लाइन द्यावी, एवढंच त्यात होतं. कारखान्यात काय तयार होतं ते पाहावं, असं कुठं म्हटलं नव्हतं.

“शेठजी, मी आत आल्तो, पण मी काही पाह्यलं न्हाई,” साहेब म्हणाले. तिसऱ्या दिवशी खांब उभे राहिले आणि गादीशेजारी काळा कुळकुळीत टेलिफोन बसला.

शेठना आनंद व्हायला हवा होता. पण परदेशी साहेबाला फसवलं म्हणून आपल्याला धरून नेतील असं त्यांना वाटू लागलं. त्यांचे मेहुणे गिरधारीलाल कारखान्यात बिड्या तपासायचे. ज्या पसंत पडत नसत त्या छाटीत टाकायचे आणि छाटीतल्या बिडीची मजुरी बाईला मिळत नसे. त्यांनी तोड काढली की त्या दिवशी बायकांना सुट्टी द्यावी, कारखान्याला कुलूप लावावं आणि पाहुण्याला पेढीवरूनच चहा पाजून वाटेला लावावं. पण बिनमजुरीची सुट्टी जयवंताबाईला मान्य नव्हती. ती धनगराची, धावड्याहून लग्न होऊन आलेली. बारा वर्षं तिथं बिड्या वळत होती आणि बाकीच्या बायका तिचं ऐकत. ठरल्या दिवशी चाळीसच्या चाळीस जणी नेहमीसारख्या सुपं मांडीवर घेऊन बसल्या.

हेन्सन साहेब उंच, पांढऱ्या केसांचे आणि फार कमी बोलणारे होते. बायकांना त्यांचं नाव जमेना, म्हणून त्यांनी हणमंतसाहेब करून टाकलं. साहेबांनी गादीवर बसून चहा घेतला, काचेतलं प्रमाणपत्र पाहिलं, नवा टेलिफोन उचलून कानाला लावला. मग कारखाना पाहायला ते स्वतःच उठले. गिरधारीलाल दारात आडवे झाले, पण साहेबांच्या खांद्यालाही ते पुरले नाहीत. साहेबांनी वरूनच आत पाहिलं.

शेठनी मग धीर केला. एक बिडीचा कट्टा उचलून त्यांनी पाहुण्याच्या हातात ठेवला आणि मास्तरांना म्हणाले, “सांगा त्यांना, हाच आमचा माल.”

हेन्सन साहेबांनी कट्टा उलटसुलट करून लेबलावरचा टेलिफोन पाहिला. टेलिफोनचे साहेब भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग पाहुण्यांनी बॅगेतून प्रश्नावली काढली, एक बिडी हातात घेतली आणि एकेक उत्तर ताडून पाहू लागले. हातात धरायची, बरोबर. तार नाही, लाल दोरा, बरोबर. त्यांनी एक बिडी पेटवली, घड्याळ लावलं आणि पाच मिनिटांनी खोकले. ऑपरेटरच्या उत्तराशी आल्यावर त्यांनी समोरच्या चाळीस बायकांकडं पाहिलं आणि हसता हसता ते पानांच्या पोत्यावर बसले. त्यांना पाणी द्यावं लागलं.

शांत झाल्यावर त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. खिशातली पट्टी काढून त्यांनी जयवंताबाईच्या सुपातली बिडी मोजली, मग शेजारणीची मोजली. दोन्हींत पाव इंचाचा फरक होता. यातली बरोबर कोणती, असं त्यांनी मास्तरांमार्फत विचारलं.

“काय म्हणून राह्यलेत ते?” जयवंताबाईनं मास्तरांना विचारलं. मास्तरांनी सांगितल्यावर तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

“सांगा त्यांना, रोज सकाळी जी मर्जी असंल ती बरोबर. काल तीन इंची चालली, आज तीच छाटीत गेली. आमी कुनाला विचारायचं?”

हेन्सन साहेबांनी हे फार लक्ष देऊन ऐकलं. मग पोत्यावर बसूनच त्यांनी आपलं मंडळ कशासाठी आहे ते समजावलं. प्रत्येक देशाचा टेलिफोन वेगळा असेल तर कुणाचं बोलणं कुणापर्यंत पोचत नाही. म्हणून बनवणारे, वापरणारे, लहान, मोठे सगळे एकत्र बसतात, एक माप ठरवतात आणि मग ते सगळ्यांनी पाळायचं असतं. मोठ्या देशाचं मत एक आणि लहानाचंही एकच.

“मंग हितंबी तसंच करा म्हनावं,” जयवंताबाई म्हणाली. “सभासद झालेत ना शेठ.”

मास्तरांनी हे भाषांतर जरा भीत भीतच केलं. साहेबांना ते इतकं पटलं की त्यांनी उठून आधी जयवंताबाईला आणि मग शेठना नमस्कार केला. शेठनी तेव्हा कशालाही होकार दिला असता, तुरुंगाऐवजी नमस्कार आला होता. त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की सोमवारी बैठक घेऊ.

जाताना साहेबांनी सांगितलं की शेठचं नाव टेलिफोनवाल्यांच्या यादीत ठेवता येणार नाही, मात्र इतकी खरी उत्तरं आपण कुठल्याही कंपनीकडून वाचलेली नाहीत. दहा कट्टे त्यांनी मित्रांसाठी बरोबर घेतले. टेलिफोनच्या साहेबांनी लाइन तोडायचा विचार करून पाहिला. पण तोडायला लेखी कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण कागदावर उतरवायची त्यांची तयारी नव्हती. टेलिफोन राहिला तो राहिलाच.

सोमवारी दुपारी कारखान्यात सतरंजी पसरून बैठक भरली. बायकांच्या बाजूनं जयवंताबाई धरून चौघी, इकडून शेठ आणि गिरधारीलाल, आणि लिहून घ्यायला मास्तर. शेठचं म्हणणं होतं की बिडी तीन इंची हवी, गिऱ्हाइकाला लांब बिडी लागते. बायका म्हणाल्या, मोजून दिलेल्या पानांत पावणेतीनचीच पुरवठ्याला येते. शेठ बराच वेळ बोलले. बाजार, गिऱ्हाईक, बापजाद्यांचं नाव, सगळं त्यांनी सांगितलं.

मग मास्तरांनी मतं मागितली. पावणेतीनला कोण, म्हटल्यावर चार हात वर झाले. जरा थांबून गिरधारीलालांचाही झाला.

“जिजाजी, मला रोज चाळीस जणींशी भांडावं लागतं,” ते खाली पाहत म्हणाले.

तीन इंचांना कोण, असं विचारल्यावर शेठनी हात वर केला आणि तो तसाच वर धरून ते एकेकीच्या तोंडाकडं पाहत राहिले, अजून कुणी येतंय का म्हणून. बायका सुपं ओढून कामाला लागल्या. मास्तरांनी कागदावर आकडे लिहिले.

“हात खाली घ्या, शेठजी,” जयवंताबाई म्हणाली. “मोजून झालं.”