चाचांचं कोरं बोट

दुबईत आमच्या अल कुसैसच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचं दार उघडलं आणि आत मुकादमचाचा दिसले, की कॉलेजातली पोरं पटकन हात खिशात घालतात. कारण चाचा चेहऱ्याकडे बघतच नाहीत. "डावा हात दाखव," म्हणतात. पहिल्या बोटावर शाई नसली की, "खलास! कोरं!" आणि मोठा सुस्कारा. आता मतदान नाही, काही नाही, इथे कुणाच्या बोटाला शाई असणार? पण चाचांना सांगणार कोण!

चाचा आमच्याच गावचे, गुहागरकडचे. शारजाच्या औद्योगिक भागात त्यांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. ईदला स्वतःच्या हाताने सांदणं करतात आणि सगळ्या मजल्याला बोलावतात. पण "तुझ्या तालुक्याचा आमदार कोण?" याचं उत्तर दिल्याशिवाय ताट मिळत नाही. माझे अहो एकदा उपाशीच परत यायचे, मी मागून ओठ हलवून नाव सांगितलं म्हणून वाचले.

बिल्डिंगमधल्या कुणाला अठरा पूर्ण झाली की चाचा लाल रेक्झिनचं पासपोर्ट कव्हर घेऊन हजर. केक राहतो बाजूला, भाषण सुरू. "परदेशात राहणाऱ्यालाही मत आहे, बाळा. आधी नाव नोंदवायचं, मग गावी जाऊन मत द्यायचं. कुणाला ते मला सांगू नकोस, ते बायकोलाही सांगायचं नसतं. पण पासपोर्ट न्यायचा. ओरिजिनल! कार्ड दाखवलंस तर याद राख!" हे कार्डाचं काय खूळ, ते कुणालाच कळत नसे.

यथावकाश माझ्या सानिकाला अठरा पूर्ण झाली. तिने कव्हर घेतलं, थँक्यू म्हणाली आणि त्यात मेट्रोचं कार्ड ठेवून दिलं. चाचांनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवून गावच्या यादीत नाव घालायला लावलं, तेव्हाही तिचं अर्धं लक्ष फोनमध्ये. मग निवडणूक लागली आणि चाचा दारात उभे.

"यल्ला, चल, तिकीट काढ. आजीकडे उतर."

"चाचा, आय वॉज बॉर्न हिअर. मला तिथे कोण ओळखतं? व्हॉट डिफरन्स विल इट मेक?"

"मग ओळख करून घे की! इथेही पाहुणी, तिथेही पाहुणी, असंच जगणार का जन्मभर?"

ते मला चांगलंच लागलं. पण माझी लेक कुठली ऐकून घ्यायला! ती म्हणाली, "ओके. तुमचं बोट दाखवा ना, चाचा. तुम्ही कधी व्होट केलं?"

चाचांनी हात खिशात घातला. अगदी त्या लिफ्टमधल्या पोरांसारखा. मग सोफ्यावर बसले आणि पाणी मागितलं.

"एकदा गेलो होतो, वहिनी. आमची सलमा गावीच असायची. दोघं नटूनथटून शाळेत गेलो मतदानाला. इथल्या सवयीने माझ्या खिशात नुसता एमिरेट्स आयडी. इथे बँकेत, दवाखान्यात तेवढ्यावर भागतं ना? तिथल्या साहेबाने तो उलटसुलट केला आणि म्हणाला, पासपोर्ट आणा. पासपोर्ट राहिला रत्नागिरीला, मेव्हण्याकडे. तो आणेपर्यंत दारं बंद."

"आणि चाची?"

"तिने दिलं की मत! संध्याकाळभर बोट नाचवत होती माझ्यासमोर. 'काय दुबईवाले, चाललं का कार्ड?' मी म्हटलं, पुढच्या खेपेला बघच." चाचांनी ग्लास खाली ठेवला. "पुढची खेप यायच्या आधीच ती गेली. मग मी नाही गेलो. बोट दाखवायचं कुणाला?"

मग सानिका उठली, पासपोर्ट कव्हर घेऊन आली आणि त्यातून मेट्रोचं कार्ड बाहेर काढलं. "तुम्ही आलात तर मी येते. नाहीतर खलास."

गेले बाई दोघं! मला ऑफिसातून सुट्टी मिळेना, म्हणून एअरपोर्टवर सोडायला तेवढी गेले. पार्किंगपासून आतपर्यंत चाचांचा एकच घोष. "पासपोर्ट?" "आहे, चाचा." "ओरिजिनल?" "आहे, चाचा!"

मतदानाच्या संध्याकाळी मी देरा भागातल्या ऑफिसातून निघत होते, तेव्हा सानिकाचा फोन आला.

"मम्मी, रांगेतल्या बायका विचारत होत्या, तू कुणाची गं? मी आजीचं नाव सांगितलं, तर एकीने माझा गालच ओढला. म्हणाली, तरीच, नाक तिचंच." पोरगी हसत होती. अठरा वर्षांत मला जमलं नाही ते या माणसाने करून दाखवलं, माझ्या लेकीला गाव दिलं. चाचांचे हे उपकार मी कशाने फेडू?

"आणि चाचांचं झालं का मत?"

"झालं. मग मला म्हणाले, जरा काम आहे, चल. कबरस्तानाच्या फाटकाशी मला थांबवलं आणि एकटेच आत गेले." तिचा आवाज बारीक झाला. "मम्मी, ते फाटकाजवळच चाचीच्या कबरीसमोर असं बोट वर करून उभे होते. दुसऱ्या हातात पासपोर्ट. म्हणत होते, बघ सलमा, ओरिजिनल आणला."